‘गॅसच असेल’ म्हणता म्हणता

31 मे 2022 च्या रात्री कोलकात्याच्या नजरुल मंच या सभागृहात एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात गाऊन पार्श्वगायक के. के. हॉटेलवर परतले, अस्वस्थ झाले आणि कोसळले. रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले. कृष्णकुमार कुन्नथ हे त्यांचे पूर्ण नाव. वय अवघे 53. या घटनेला आता काही वर्षे झाली, तरी 31 मे जवळ आला की त्यांची गाणी मोबाईलवर फिरू लागतात आणि दवाखान्यात बसलेल्यांत तोच विषय निघतो. (31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिनही आहे. त्याचा मात्र विषय कुणी काढत नाही. मी दरवर्षी फलक लावतो, आणि लोक तो वाचत वाचत तंबाखू मळतात.)

के. के. हे माझ्या पिढीचे गायक नव्हेत. आमची मने मुकेश, रफी, किशोर यांच्याकडे केव्हाच गहाण पडली होती. पण 1999 साली ‘पल’ हा त्यांचा गाण्यांचा संच आला आणि नंतर आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या निरोपसमारंभात त्यातलेच गाणे वाजू लागले. त्यामुळे 1 जूनच्या सकाळी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा माझ्या तरुण कंपाउंडरचे डोळे लाल होते. मी काही बोललो नाही. 1980 साली रफीसाहेब गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आमच्या गल्लीतला पानवाला दिवसभर रेडिओला कान लावून बसला होता, ते मला आठवले.

त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत गावात काय काय बोलले गेले, ते मी कान देऊन ऐकले. डॉक्टरच्या टेबलावर नाडी बघता बघता पुष्कळ ऐकायला मिळते. टपरीवरचे निदान असे होते की सभागृहातला एसी बंद होता, क्षमतेपेक्षा जास्त माणसे आत कोंबली होती, म्हणून माणूस गुदमरून गेला. आयोजकांना आत टाका. कॉलेजच्या पोरांनी सांगितले की सर, पोलिसांनी ‘अनैसर्गिक मृत्यू’ अशी नोंद केली आहे, म्हणजे यात काहीतरी काळेबेरे आहे. एका शिक्षकमित्राचे मत होते की हा सगळा कोरोनाच्या लसीचा प्रताप. एक बाई म्हणाल्या, दृष्ट लागली. बऱ्याच जणांनी हात वर करून ‘ज्याची जेवढी लिहिलेली’ म्हटले आणि विषय मिटवला. तिकडे बंगालमधल्या एका गायकाने या कार्यक्रमाच्या सुमारास के. के. यांच्याविषयी काही कडवट उद्गार काढले होते. जणू त्याच्या बोलण्यानेच हृदय बंद पडले अशा थाटात लोक त्याच्यावर तुटून पडले. शेवटी त्या गृहस्थाला पत्रकार परिषद घेऊन के. के. यांच्या कुटुंबाची माफी मागावी लागली.

यातल्या ‘अनैसर्गिक मृत्यू’चा खुलासा आधी करून टाकतो, कारण हा शब्द ऐकून आपल्याकडेही दुःखात बुडालेली घरे घाबरून जातात. चांगला हिंडता-फिरता माणूस अचानक गेला आणि कारण सांगता येत नसेल तर पोलीस अशी नोंद करतात आणि शवविच्छेदन होते. ती पद्धत आहे. त्याचा अर्थ कुणी मारले असा होत नाही.

लसीचेही सांगतो. 18 ते 45 वयाच्या धडधाकट माणसांचे अचानक मृत्यू का होतात याचा अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केला आणि तो 2023 साली प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. धोका वाढलेला दिसला तो पूर्वी कोरोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात असा अचानक मृत्यू झालेल्यांत, अति मद्यपान करणाऱ्यांत आणि मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी फार जोराचे श्रम केलेल्यांत. माझ्या शिक्षकमित्राला मी हे दाखवले. त्याने चष्मा लावून वाचले आणि म्हणाला, “असेल बुवा.” म्हणजे पटले नाही.

आता के. के. यांचे काय झाले होते? वृत्तपत्रांतून आले ते असे. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आढळला, इतर वाहिन्यांतही लहान-मोठे अडथळे होते. हा कचरा एका संध्याकाळी साचत नाही, वर्षानुवर्षे साचतो. उकाडा, गर्दी, रंगमंचावरचे नाचणे-गाणे यांनी त्या संध्याकाळी हृदयावर भार टाकला असेल, हे मी नाकारत नाही. सभागृहात बेसुमार माणसे भरणाऱ्यांना मोकळे सोडा, असेही मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट हातातून सुटते, आणि ती गोष्ट बातमीत खाली, चार ओळींत होती. आदल्या दिवशी त्यांनी पत्नीला फोनवर हात आणि खांदा दुखतो असे सांगितले होते. ते पित्ताच्या, अॅसिडिटीच्या गोळ्या घेत होते. हॉटेलच्या खोलीत त्या गोळ्या सापडल्या.

ही बातमी मी दोनदा वाचली. नंतर गावात विचारत सुटलो. एसीचे सगळ्यांना माहीत होते, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. गोळ्यांचे फारच थोड्यांना ठाऊक होते.

असे का व्हावे? मला वाटते, आवडता गायक गेला की आपण दोनच गोष्टी शोधतो, एक तर गुन्हेगार नाही तर नशीब. दोन्हींत एक सोय आहे. गुन्हेगार कोलकात्यात असतो आणि नशीब आकाशात. आपल्या शर्टाच्या खिशातली अॅसिडिटीची गोळी सुरक्षित राहते.

जुना इतिहास बघा. मुकेश 27 ऑगस्ट 1976 ला अमेरिकेत डेट्रॉइट येथे गेले. कार्यक्रमाच्या दौऱ्यावर होते. वय 53, के. के. यांच्याइतकेच. महंमद रफी 31 जुलै 1980 ला मुंबईत गेले, वय 55. भर पावसात हजारो माणसे अंत्ययात्रेला चालत होती. किशोरकुमार 13 ऑक्टोबर 1987 ला गेले, वय 58. त्यांना अखेरचा निरोप त्यांच्या जन्मगावी खंडव्याला दिला गेला. खंडवा म्हणजे आम्हा खानदेशकरांच्या शेजारचेच, भुसावळला गाडीत बसले की थोड्या वेळात येते. आमच्या ओळखीचे दोघे-तिघे त्या गर्दीत जाऊन आले होते. हे तिघेही हृदयविकाराने गेले. तिघांपैकी एकानेही साठी पाहिली नाही. आणि आम्ही काय केले? रडलो, कॅसेटी ऐकल्या, दर वर्षी ‘एक शाम’ केली. हा आजार आपल्या लोकांना पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. पण त्या तीन मरणांत ते ढळढळीत लिहिलेले असून माझ्या घरात कुणी विचारले नाही की बाबांचे ब्लडप्रेशर शेवटचे कधी मोजले होते.

पूर्वीचे समजू शकतो. मास्टर दीनानाथ 1942 साली पुण्यात गेले तेव्हा 41 वर्षांचे होते. द. वि. पलुसकर 1955 साली मेंदूज्वराने गेले तेव्हा अवघे 34. त्या काळात औषधेच थोडी होती. दैवाला दोष देणे भाग होते. आज तसे नाही. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडता येते, वेळेत पोचले तर.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. नंदुरबार म्हणजे मिरचीचे गाव. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि शहरात शिरताच माणसाला शिंक येते. घरोघरी ठेचा, शेवभाजीला बोटभर तर्री. छातीत जळजळ झाली की कारण तयारच असते. माझ्याकडे येणारा माणूस आजार सांगत नाही, निदान सांगतो. “काही नही डाक्टर, ग्यास शे.” मग सोडा पिऊन झालेला असतो, ओवा-काळे मीठ झालेले असते, मेडिकलवरून गुलाबी गोळी झालेली असते, बरगडीला मालीशही झालेले असते. त्यानंतर मी.

इथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. आजवर हे मी लिहिले नव्हते.

2001 सालचा डिसेंबर. जिल्हा होऊन तीनच वर्षे झाली होती, मी एकतीस वर्षांचा होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास बाजारातले एक मापाडी दवाखान्यात आले. वय 46. आमच्या भागातल्या भजनी मंडळाचा तो मुख्य आवाज. पेटी नसली तरी चालेल, आप्पा हवेत, असे लोक म्हणत. दिवसभर मिरचीची पोती मोजून आले होते. दुपारपासून छातीत जळते, डावा खांदा भरून आला आहे, असे म्हणाले. पुन्हा स्वतःच म्हणाले, मिरचीने जळते आणि पोत्यांनी खांदा भरला. मला ते पटले. बाहेर पंधरा पेशंट बसले होते. मी पोट दाबून पाहिले, रक्तदाब पाहिला, तो थोडा जास्त होता, पित्ताचे इंजेक्शन दिले आणि गोळ्या लिहून दिल्या. जाताना आप्पांनी उपरण्याने कपाळ आणि मान पुसली. डिसेंबरची संध्याकाळ होती, माझ्या अंगात स्वेटर होता. त्या थंडीत या माणसाला घाम का फुटला आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. माझ्याकडे तेव्हा ई.सी.जी. मशीन नव्हते. पण चार पावलांवर होते, पाठवता आले असते.

दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. रात्री आप्पा भजनाला बसले आणि दुसऱ्या अभंगाच्या मध्यातच पेटीवर कलले.

दुसऱ्या दिवशी सारा गाव लोटला होता. जो तो म्हणत होता, काय पुण्यवान मरण! मुखात नाम, हातात टाळ, सप्ताहाचा दिवस. लोकांनी कुंकू-बुक्का उधळला, दिंडी काढावी तशी यात्रा काढली. मला कुणी एका शब्दाने विचारले नाही. उलट आप्पांच्या मोठ्या भावांनी सांगितले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही तर इंजेक्शन दिलं होतं, पण देवालाच हवा होता.” मी मान हलवली. घरात पत्नी, सहा वर्षांचा मुलगा आणि त्याहून लहान मुलगी होती. पुण्यवान मरणाचा हिशेब त्या घराने पुढे वीस वर्षे कसा फेडला, ते मी पाहिले आहे. दोन महिन्यांत मी हप्त्यावर ई.सी.जी. मशीन घेतले. का घेतले ते कंपाउंडरलाही सांगितले नाही.

म्हणून के. के. यांच्या गोळ्यांची बातमी मला दोनदा वाचावी लागली. गोळी घेणारा माणूस चुकतो तसा देणाराही चुकतो. आम्हा डॉक्टरांना ‘ग्यास शे’ हे ऐकायला आवडते, कारण त्यात पेशंट पाच मिनिटांत मोकळा होतो आणि समाधानाने जातो.

तर त्या जूनमध्ये माझ्याकडे ई.सी.जी.साठी रांग लागली. 2021 च्या ऑक्टोबरात कन्नड नट आणि गायक पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी गेले, तेव्हा बंगळुरूच्या हृदयरुग्णालयांत अशीच झुंबड उडाली होती. इकडे छोट्या प्रमाणात तेच. मला आनंद व्हायला हवा होता, पण रांगेत कोण होते? बावीस-पंचवीसची पोरे, व्हिडिओ पाहून घाबरलेली. ज्यांनी यायला हवे, म्हणजे पन्नाशीचा, दहा वर्षांची शुगर असलेला, बिडी ओढणारा, ब्लडप्रेशरची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद केलेला, तो घरी बसून एसीवर मत देत होता. जो आला त्याला कागदावर ‘नॉर्मल’ दिसले की तो वर्षभराचा परवाना मिळाल्यासारखा हसत गेला. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. आराम करताना काढलेला ई.सी.जी. रक्तवाहिनीत मोठा अडथळा असूनही नॉर्मल येऊ शकतो. अगदी अटॅकच्या सुरुवातीलाही येऊ शकतो. म्हणून दुखत असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, रक्ताची ट्रोपोनिन नावाची तपासणी करावी लागते. आणि दहा दिवसांनी ती रांगही संपली.

गॅस आणि हृदय यांतला फरक घरी बसून करता येतो का, असे मला नेहमी विचारतात. खात्रीने येत नाही, मलाही मशीनशिवाय येत नाही. पण काही खुणा आहेत. छातीवर दगड ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे वाटणे. कळ खांद्यात, दंडात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणे. चालताना वाढणे आणि थांबल्यावर कमी होणे. धाप, मळमळ, आणि थंड घाम. घामाला विसरू नका, मी विसरलो होतो. बायकांत आणि शुगरच्या पेशंटमध्ये छाती दुखेलच असे नाही; नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते, उलटी होते. अशा वेळी सोडा, ओवा, मालीश यांत वेळ घालवू नये. स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने, जिथे ई.सी.जी. निघतो त्या जवळच्या रुग्णालयात जावे. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा अल्सर-रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून 300 मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यावी. जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या खिशातून घेऊन परस्पर देऊ नये. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तासात सर्वांत जास्त उपयोगी पडते, बारा तासांनंतर फारसे नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या पाड्यांवरून माणूस झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, मग घाट उतरायचा. तिथल्या माणसाचा तास निम्मा वाटेतच जातो. ज्या गावात गाडी दारात उभी आहे त्या गावाने तरी तो तास ओव्यात घालवू नये, एवढेच माझे म्हणणे. पाड्यांच्या रस्त्यांविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल आणि संपादक छापणार नाहीत.

आणखी एक. के. के. यांचे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या हवाल्याने छापून आले होते की कोसळल्यावर लगेच कुणी छाती दाबून हृदय चालू ठेवले असते तर कदाचित ते वाचले असते. हे शिकायला डिग्री लागत नाही. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे करा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती दोन इंच खाली जाईल इतके जोराने दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका. आप्पांच्या भोवती त्या रात्री चाळीस माणसे होती. त्यांनी पाणी शिंपडले, कांदा हुंगवला, कानात नाम घेतले.

त्या जूनच्या रांगेत एके दिवशी आप्पांचा मुलगा येऊन उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा झाला होता. लग्नसराईत बॅन्डवर गातो, आवाज बापाचाच. ई.सी.जी. काढला, नॉर्मल आला. मी त्याला सांगितले की बाप पंचावन्नच्या आत हृदयाने गेला असेल तर मुलाने विशेष जपावे, कोलेस्टेरॉल आणि शुगर तपासून घे, गुटखा आजपासून बंद. तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बाबा हृदयाने गेले? आमच्या घरी तर म्हणतात, भजनात देवाने उचललं.”

मी कंपाउंडरला बाहेर पाठवले आणि त्याला ती संध्याकाळ सांगितली. इंजेक्शन, गोळ्या, घाम, सगळे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी पैसे नको म्हणालो, तरी टेबलावर ठेवून गेला.

मला वाटले, आता हे घर या दवाखान्याची पायरी चढणार नाही. आठव्या दिवशी तो आईला घेऊन आला. “हिच्या छातीत सकाळपासून जळतंय,” म्हणाला, “आणि ही म्हणते गॅस आहे.” वहिनींचा रक्तदाब 170 वर 100 होता. आधी ई.सी.जी. काढला, मग पोट तपासले.